दुपारचे साहेब

"साहेब, तुम्ही आधी गाडीत जाऊन बसा," काउंटरकाका फोनवर म्हणाले. "हो, आत्ताच. मी धरतो फोन. बसलात? स्टिअरिंगसमोर? मग आता सांगा, फुटलेला आरसा तुमच्या कुठल्या हाताला आहे?"

पलीकडे गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. "डाव्या."

"म्हणजे डावा. मघाशी उजवा म्हणालात, कारण गाडीकडे तोंड करून उभे होतात. तुमचं काही चुकलं नाही त्यात. समोरासमोर उभं राहिलं की डावं-उजवं सगळ्यांचंच फिरतं. आमच्या मेकॅनिकचंही फिरतं, फक्त तो कबूल करत नाही."

पलीकडचा माणूस हसला. मोकळं नाही, नाकातल्या नाकात, पण हसला. काकांना बरं वाटलं. फोनवरच्या गिऱ्हाइकाला एकदा तरी हसवल्याशिवाय फोन खाली ठेवायचा नाही, असा त्यांचा जुना नेम होता.

"आणि अख्खा आरसा घेऊ नका. आतली नुसती काच मिळते. संध्याकाळी व्हॅनमध्ये देतो, नेहमीसारखी पंपावरून उचला. आणखी काही सेवा, साहेब?"

"नाही. एवढंच." मग जरा थांबून तो माणूस म्हणाला, "तुम्ही जेवलात का?"

काका गडबडले. काउंटरवर त्यांना लोकांनी नाना प्रश्न विचारले होते. पार्ट ओरिजिनल आहे का, वॉरंटी आहे का, थोडं कमी होईल का. पण हा प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता. "जेवतो आता," ते म्हणाले. "तुम्हीही जेवून घ्या, साहेब."

शेजारच्या काचेआड बसणाऱ्या कॅशियर ताईंचे कान या फोनकडेच होते. "दुपारचे साहेब का?" त्यांनी विचारलं.

"तेच."

"काका, सांभाळून बरं. हा हेड ऑफिसचा माणूस असणार. नाहीतर वायपर, आरशाची काच, हेडलाइटचा बल्ब, असं सुटं सुटं कोण मागवतं? आणि वर जेवलात का! पक्का परीक्षा घेतोय तुमची."

ताईंचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. शोरूममध्ये 'हसतमुख सेवा' नावाचं खूळ आल्यापासून हेड ऑफिसची माणसं गिऱ्हाइकाचं सोंग घेऊन फोन करत आणि कोण कसं बोललं याचे गुण देत. बाकीचा स्टाफ त्या धास्तीनं अनोळखी फोनवर उगाचच गोड बोलायचा. काकांना तो प्रश्नच नव्हता. त्यांना वेगळं बोलताच येत नव्हतं.

समोरच्या बाजूला शोरूम होती. तिथे काचा, दिवे, कुंड्या आणि नव्या गाड्या. त्या गाड्यांना वळसा घालून, वॉशिंगचं पाणी ओलांडून मागे आलं की पार्ट्सचा काउंटर लागायचा. एक लांब लोखंडी फळी, तिच्यावर घासून पांढरं पडलेलं रबर, मागे छतापर्यंत रॅक आणि कोपऱ्यात वर गोदामाकडे जाणारा लोखंडी जिना. नवी गाडी घेणारा माणूस खुशीत असतो, त्याच्याशी कुणीही गोड बोलेल. मागच्या काउंटरवर येणाऱ्याचं काहीतरी मोडलेलं, फुटलेलं, बंद पडलेलं असतं. तो वैतागलेला असतो आणि त्याला आपल्याला काय हवंय ते सांगताही येत नाही. "ते चूं चूं वाजतं ना, ते द्या." "पुढचं ते गोल, काळं, खाली लोंबतं ते." काका कुणाला हसत नसत. "चूं चूं गाडी सुरू करताना, की वळताना?" असं डॉक्टरच्या गांभीर्यानं विचारत आणि बरोबर तोच पट्टा रॅकवरून काढून आणत. एका आजोबांनी तर त्यांना नुसता गाडीचा आवाज तोंडानं काढून दाखवला होता. काकांनी तो दोनदा काढायला लावला, कारण पहिल्या वेळी आजोबांना मध्येच खोकला आला होता.

सगळ्यांना अहो-जाहो. कंपनीच्या मालकापासून पार्ट्स पोचवणाऱ्या व्हॅनवाल्यापर्यंत सगळे 'साहेब', नाहीतर 'तुम्ही'. व्हॅनवाला तर काकांहून निम्म्या वयाचा होता. सुरुवातीला तो लाजायचा, मग सवय झाली. सगळे म्हणायचे, काकांच्या जिभेवर साखर आहे.

फक्त एका माणसाला ते पटायचं नाही, आणि ती म्हणजे त्यांची बायको. "येताना तोंड काउंटरवरच ठेवून येता का हो?" असं ती विचारायची. विचारायची हसतच, पण विचारायची. कारण घराचं दार उघडलं की काकांचं बोलणं संपलेलं असायचं. दिवसभर माणसांची मनं राखून झाल्यावर त्यांना वाटायचं, घरी तरी कुणाचं राखायला लागू नये. हं, बरं, नको, झालं, एवढ्या शब्दांत त्यांचा संसार चालायचा. बायको त्या शब्दांमधली जागा स्वतःच्या बोलण्यानं भरून काढायची. ती गेल्यावर ती जागा तशीच उघडी राहिली.

आता घरी कुणीच नव्हतं. दोन खोल्या, एक गॅस, एक खुर्ची बसायची आणि एक कपडे टाकायची. संध्याकाळी कुलूप उघडून आत गेलं की सकाळी जाताना उशी जिथे पडलेली असायची तिथेच दिसायची, आणि काकांना दर वेळी त्या उशीचा थोडा रागच यायचा. सुट्टीच्या दिवशी तर ते एखादा शब्दही न बोलता झोपायचे. सोमवारी सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाशी बोलताना आवाज आधी खरखरायचा. त्यामुळे दुपारच्या साहेबांचा फोन यायला लागल्यावर काकांना तो हवासा वाटू लागला, यात नवल नाही. डबा खाऊन झाला की त्यांचं लक्ष फोनकडे जायचं. हेड ऑफिसचा असेना का, माणूस चांगला आहे, असं ते मनाशी म्हणायचे.

मग एका दुपारी तो फोन आला.

"बोला साहेब. आरशाची काच बसली?"

"बसली. आता दुसरंच. ते पुढे, डाव्या सीटसमोर... खाऊचा कप्पा. त्याची कडी तुटलीय. झाकण सारखं उघडून गुडघ्यावर पडतं."

"त्याची नुसती कडी मिळत नाही, साहेब," काका म्हणाले. "झाकणासकट घ्यावी लागेल. रंग काळा की राखाडी?"

"राखाडी."

"आहे माझ्याकडे. संध्याकाळी देतो. आणखी काही सेवा?"

आणखी काही नव्हतं. काकांनी फोन ठेवला, रॅकपाशी गेले, राखाडी झाकणाचं खोकं काढलं आणि ते हातात घेऊन तिथल्या स्टुलावर बसले. 

डॅशबोर्डमधला तो कप्पा लोकांनी आजवर त्यांच्याकडे डझनभर नावांनी मागितला होता. समोरचा डबा, पेटी, ड्रॉवर, कागद ठेवायची जागा. खाऊचा कप्पा कुणी म्हटलं नव्हतं. ते नाव जगात तीनच माणसांना ठाऊक होतं. त्यांच्या जुन्या गाडीत बायको त्या कप्प्यात बिस्किटांचा पुडा ठेवायची, आणि मागच्या सीटवरून एक लहान हात दोन सीटच्या मधून पुढे यायचा. नाव त्या हाताच्या मालकानं ठेवलं होतं. तिघांतली एक गेली होती. दुसरा स्टुलावर बसला होता.

"काका, बरं वाटत नाही का?" ताईंनी काचेआडून विचारलं.

"काही नाही. वरचं खोकं काढताना जरा दमलो."

आपला मुलगा इतके दिवस आपल्याशी बोलतोय आणि आपल्याला कळलं नाही? काकांना स्वतःची शरम वाटली. आवाज जाडा झाला होता, फोनमध्ये खरखर होती, मध्ये सहा-सात वर्षं गेली होती, हे सगळं खरं. पण त्याहून खरं हे, की काउंटरवर काका माणसाचा आवाज ऐकतच नसत. त्यातली गाडी ऐकत. मॉडेल कोणतं, पुढचं की मागचं, डावं की उजवं. बिलावर नावाच्या जागी 'रोख' लिहिलं की काम भागायचं. आपल्या मुलाला ते महिनाभर 'रोख' म्हणून ओळखत होते.

आणि तो का गिऱ्हाईक झाला होता, तेही त्यांना आठवलं. आठवायला कष्ट पडले नाहीत, कारण ते कधी विसरलंच नव्हतं.

बायको गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी घरी भेटायला माणसं येत होती. काकांची दोन जुनी गिऱ्हाइकंही आली. काका त्यांच्याजवळ बसले, आलात बरं वाटलं म्हणाले, त्यांच्या गाडीचा क्लच आता कसा चालतोय तेही विचारलं. एकदा तर हसलेसुद्धा. मुलगा आत सगळ्यांसाठी चहा करत होता. माणसं गेल्यावर तो कपबशा गोळा करता करता म्हणाला, "बाबा, आई गेल्यापासून तुम्ही माझ्याशी एक वाक्य बोलला नाहीत. मी तुमचं गिऱ्हाईक असतो तर बरं झालं असतं."

त्यावर काका म्हणाले होते, "तोंड सांभाळून बोल."

एवढंच. भांडण म्हणावं असं काही झालंच नाही. मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेला. अधूनमधून फोन करायचा. काका म्हणायचे, हं, बरं. मग फोन कमी झाले, मग थांबले. लग्नाचं बोलावणं मोबाइलवर चार ओळींत आलं. बापाला असं बोलावतात का, म्हणून काकांनी राग धरला आणि ते गेले नाहीत. तो राग पुढे केव्हा ओसरला ते त्यांना कळलं नाही. कळलं तेव्हा फार उशीर झालाय असं त्यांना वाटलं, आणि नंतर रोजच थोडा आणखी उशीर होत गेला.

पुढच्या फोनची वाट बघताना काकांनी मनाशी पक्कं केलं, ओळख द्यायची नाही. ओळख दिली की पुन्हा बाप व्हावं लागणार. बाप म्हणून आपलं काय झालं ते त्यांना माहीत होतं. गिऱ्हाईक मात्र परत परत येत होतं.

"बोला साहेब," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या फोनमध्ये त्यांनी गाडी ऐकली नाही. श्वास ऐकला, घसा साफ केल्याचा आवाज ऐकला, मागे कुठेतरी भांडं पडल्याचा आवाज ऐकला.

"लहान मुलांची सीट मिळते का तुमच्याकडे? मागच्या सीटवर बांधायची?"

काकांच्या हातातली पेन्सिल थांबली. "मिळते. वय काय बाळाचं?"

"मुलगी आहे. आता तीन पूर्ण होईल."

"वजन विचारतो, साहेब, रागावू नका. सीट वजनावर घ्यावी लागते."

"अंगानं बारीक आहे. माझ्या आईवर गेलीय. नाकही तिचंच घेतलंय."

काकांनी पेन्सिल फळीवर ठेवली. काउंटरवर कुणी नव्हतं हे बरं झालं. मग ते म्हणाले, "हट्टी आहे का?"

"हट्टी? घरी आम्ही तिला मॅनेजरीण म्हणतो. कुणी कुठे बसायचं ते ती ठरवते."

"मग चांगली मजबूत सीट लागेल," काका म्हणाले. "मॅनेजरीण बाई आहेत म्हटल्यावर साधी चालायची नाही."

मुलगा हसला. या वेळी नाकातल्या नाकात नाही. काकांनी ते हसू नीट ऐकून घेतलं.

"आहे का तुमच्याकडे?"

आता, वर गोदामात अशीच एक सीट कोरी करकरीत पडून होती. काकांनीच तिच्यावर प्लॅस्टिक घातलं होतं. इतक्या वर्षांत त्यांनी गिऱ्हाइकाला आहे ते नाही आणि नाही ते आहे असं कधी सांगितलं नव्हतं. "नाही हो, साहेब," ते म्हणाले. "मागवावी लागेल. तुम्ही असं करा, अधूनमधून फोन करून विचारत राहा."

फोन ठेवल्यावर ताई म्हणाल्या, "काका, वर एक आहे ना सीट?"

"तिला डाग पडलाय."

"कधी पडला?"

"पडलाय," काका म्हणाले आणि उगाचच रॅक पुसू लागले.

त्यानंतरचे दिवस काकांना सुखाचे गेले. मुलगा खरंच फोन करायचा. "आली का?" "नाही अजून, साहेब. गोदामवाल्यांना पुन्हा सांगतो." एवढं झालं की दोघंही फोन ठेवायची घाई करत नसत. मॅनेजरीण बाईंनी आज चपला फ्रिजमध्ये ठेवल्या. मॅनेजरीण बाईंना ताप आला होता, आता उतरला. काका म्हणायचे, गाडीत खिडकीचा वारा लागू देऊ नका, साहेब. उन्हात उभी केलीत तर सीटचं बक्कल तापतं, आधी हात लावून बघा. मुलगा म्हणायचा, हो, बघतो. मुलाला माहीत होतं की आपण कुणाशी बोलतोय. काकांना माहीत होतं की आपण कुणाशी बोलतोय. पण आपल्या मनातलं दुसऱ्याला ठाऊक आहे की नाही, हे दोघांनाही विचारता येत नव्हतं.

मग शुक्रवारी सकाळी मॅनेजरांनी सगळ्यांना गोळा केलं. हेड ऑफिसचा निर्णय झाला होता. गिऱ्हाइकांना आणखी चांगली सेवा मिळावी म्हणून सोमवारपासून सगळे फोन एका मोठ्या कॉल सेंटरला जाणार होते. मागच्या काउंटरवरचा फोन काढून टाकायचा होता.

"काका, तुमचा तर ताप गेला," मॅनेजर कौतुकानं म्हणाले. "समोर येईल त्याच्याशीच बोलायचं आता."

"पण साहेब, काही लोक मुद्दाम याच नंबरवर..."

"त्यांना तिकडची मुलं-मुली सांभाळतील. अगदी तुमच्यासारखं बोलायला शिकवलंय त्यांना."

काकांनी काउंटरवरच्या फोनकडे पाहिलं. जुना फोन, त्यात समोरच्याचा नंबरही दिसत नव्हता. मुलाचा पहिला नंबर केव्हाच बंद झाला होता, नवा त्यांनी विचारला नव्हता. गिऱ्हाइकाला फार खोदून विचारायचं नसतं. व्हॅनवाला पार्ट पंपावर ठेवायचा, पुढे तो कोण नेतं ते त्याला ठाऊक नव्हतं. म्हणजे उद्या फोन आला तर बोलायचं, नाहीतर मुलगा पुन्हा हातचा गेला.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर काकांनी दिवा लावला, खुर्चीवर बसले आणि सराव केला. हो, सराव. रिकाम्या खोलीत, समोरच्या कपड्यांच्या खुर्चीला उद्देशून.

"अरे, कसा आहेस?"

आवाज ऐकून तेच दचकले. पोलीस चौकीत विचारल्यासारखं वाटलं.

"अरे, मी ओळखलं तुला."

हे तर धमकी दिल्यासारखं. पाणी पिऊन त्यांनी पुन्हा केलं. हळू आवाजात केलं, हसून केलं. पण 'तू' म्हटलं की आवाज टणक व्हायचा. ते विचार करत बसले आणि त्यांच्या लक्षात आलं, की 'तू' म्हणून आपण आयुष्यभर मुलाला फक्त कामं सांगितली. अभ्यास कर. दिवा बंद कर. चपला नीट ठेव. तोंड सांभाळून बोल. जे काही चांगलं, मऊ, विचारपूस करणारं होतं ते सगळं त्यांनी 'तुम्ही'मध्ये खर्च केलं होतं. खुर्चीवरच्या सदऱ्याला ते पुन्हा एकदा म्हणाले, "बस रे." आणि सदरासुद्धा ऐकून उभाच राहील असं त्यांना वाटलं. ते हसले, आणि हसता हसता त्यांना रडू आलं.

शनिवारी दुपारी फोन वाजला तेव्हा काउंटरवर तीन गिऱ्हाइकं उभी होती.

"सीट आली का?" मुलानं विचारलं.

"आली, साहेब. आज संध्याकाळी व्हॅनमध्ये देतो." कालचा सराव आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. समोरचा एक माणूस गाडीची किल्ली फळीवर वाजवत होता. "साहेब, एक सांगायचं होतं. हा फोन आजचाच दिवस आहे. सोमवारपासून तुम्ही केलात तर दुसरीकडेच लागेल. मी नसेन त्यावर."

पलीकडे कसलंसं दार लागल्याचा आवाज आला. मग मुलगा म्हणाला, "मग?"

एवढासा शब्द, पण तो आताच्या जाड्या आवाजातला नव्हता, लहानपणच्या आवाजातला होता.

"मग मी म्हणतो, दुसरा एक नंबर देऊन ठेवू का? घरचाच आहे. संध्याकाळी मी असतो. घ्या लिहून." काका सावकाश सांगू लागले, गिऱ्हाइकाला सांगतात तसं, एकेक जोडी सुटी करून. "चोवीस. सदतीस..."

"एकोणीस," मुलगा म्हणाला. "पाठ आहे मला."

काकांनी फळीची कड धरली. शाळेत हरवला तर सांगता यावा म्हणून आईनं तो त्याच्याकडून घोकून घेतला होता. म्हणजे एवढी वर्षं नंबर त्याच्याजवळ होता. आणि एवढी वर्षं त्यानं तो फिरवला नव्हता.

"अरे..." काका म्हणाले.

तो घरातलाच आवाज निघाला. किल्ली वाजवणारा माणूस दचकून थांबला. काकांनी जीभ चावली. "माफ करा, साहेब."

"मी पहिल्यांदा सांगायलाच फोन केला होता," मुलगा म्हणाला. तो भरभर बोलत होता, मध्ये थांबलो तर पुन्हा जमणार नाही अशा घाईनं. "मुलगी झालीय, मोठी झालीय, तुम्हाला दाखवावी असं वाटत होतं. घरी करायचा धीर झाला नाही म्हणून इथे केला. तर तुम्ही म्हणालात, बोला साहेब, काय सेवा करू. इतकं चांगलं म्हणालात. मला काही सुचेचना. वायपर मागितला."

काकांना खूप काही म्हणायचं होतं. ते म्हणाले, "वायपर नीट बसला का?"

"बसला."

"मला... तुला..." काकांनी पुन्हा सुरुवात केली. तीन माणसं समोर उभी होती, ताईंनी मान वर केली होती, आणि 'तुला'च्या पुढे वाट नव्हती.

"नका," मुलगा म्हणाला. "साहेबच म्हणा, बाबा. तसंच बरं बोलता तुम्ही."

काकांनी डोळे मिटले. मुलाच्या बोलण्यात टोमणा शोधायचा त्यांनी प्रयत्न केला, तो असता तर सोपं गेलं असतं. पण टोमणा नव्हता. तो फक्त मागत होता, आणि जे मागतोय ते काकांकडे होतं.

"बरं, साहेब," ते म्हणाले. "संध्याकाळी सीट पाठवतो. ड्रायव्हरच्या मागे बांधू नका. दुसऱ्या बाजूला बांधा, म्हणजे उतरवताना मॅनेजरीण बाई रस्त्याच्या बाजूला यायच्या नाहीत. आणि फोन करा कधीही."

"करतो," मुलगा म्हणाला. केव्हा ते म्हणाला नाही, आणि काकांनी विचारलं नाही. गिऱ्हाइकाला असं विचारत नाहीत.

समोरच्या तिघांना काय काय हवं होतं ते काकांनी दिलं. एकाला ब्रेकचे पॅड, एकाला फ्यूज. किल्लीवाल्या माणसाला नक्की काय हवंय ते सांगता येत नव्हतं, म्हणून काका त्याच्या गाडीपर्यंत जाऊन आले. ताई काचेआडून उठल्या. त्यांनी आपल्या हातानं चहा आणून फळीवर ठेवला.

दिवस कलायला लागल्यावर काका जिना चढून वर गेले आणि सीट घेऊन खाली आले. तिच्यावर डाग नव्हताच. तरी त्यांनी ती खोक्याबाहेर काढून फडक्यानं पुसली, पट्टे ओढून बघितले, बक्कल चार वेळा लावलं आणि काढलं, आणि परत खोक्यात घालून चारही बाजूंनी टेप मारला. खोक्यावर चिठ्ठी लिहावी असं एकदा मनात आलं. पण वर 'चिरंजीव' लिहायचं की 'साहेब', ते ठरेना. त्यांनी पेन परत खिशात ठेवलं.

व्हॅनवाला मागच्या फाटकापाशी आला होता. बाकीचे पार्ट्स त्यानं मागे भरले. या खोक्यासाठीही त्यानं हात पुढे केला, पण काकांनी ते दिलं नाही. ते स्वतः पुढे गेले, ड्रायव्हरच्या शेजारचं दार उघडलं आणि खोकं त्या सीटवर ठेवलं. मग बेल्ट ओढला, खोक्यावरून आडवा घेतला, खटकन लावला आणि घट्ट बसलाय की नाही ते हिसका देऊन पाहिलं.

"काका, खोकं आहे ते," व्हॅनवाला हसत म्हणाला. "पोर थोडंच आहे?"

काकांनी आणखी एक हिसका दिला. दार हलकेच लावलं. व्हॅनवाल्यानं गाडी सुरू केली, आणि काका खिडकीत वाकून म्हणाले, "सावकाश जा रे."

किती मऊ निघाला तो आवाज. घरात खुर्चीसमोर बसून ते जो शोधत होते, अगदी तोच.

व्हॅनवाल्यानं चमकून पाहिलं. आजवर काकांनी त्याला अहोशिवाय काही म्हटलं नव्हतं. "काय म्हणालात, काका?"

"काही नाही," काका म्हणाले. "या तुम्ही."